बोरघाट : चढताना आणि उतरताना

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की बहुतेकांचे लक्ष फलाटावरच्या बटाटेवड्याकडे जाते. तुम्ही वडा जरूर घ्या, पण तो हातात घेऊन गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत एकदा चालत जा. तेथे दोन किंवा तीन इंजिने येऊन गाडीला मागून जोडली जात असलेली दिसतील. पुढे एक इंजिन असताना ही मागची कशाला? आणि जोडायचीच तर पुढे का नाही जोडत? हे दोन प्रश्न मनात ठेवूनच आज आपण घाट चढू, लोणावळ्यात थोडे थांबू, लोहगडावर जाऊ आणि मग उतरू. खरे शिकण्यासारखे आहे ते उतरण्यातच, हे आधीच सांगून ठेवतो.

बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० साली सुरू झाला. रेल्वेचे काम १८५६ मध्ये हाती घेतले गेले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. ही वाट एका धनगराने, शिंगरोबाने, साहेबाला दाखवली अशी कथा आहे. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि कित्येक ड्रायव्हर आजही तेथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने त्यांतले किती दगावले याची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवून पुरे करून दिले. बोगद्यांतून जाताना ही माणसे आठवावीत.

आता आकडे पाहू. घाटाच्या पायथ्याशी रूळ समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर आहेत आणि माथ्याशी २०२७ फुटांवर. म्हणजे चढ १८३१ फूट, सुमारे ५५८ मीटर. हा चढ सुमारे साडेपंचवीस किलोमीटर अंतरात विभागला आहे. भागाकार करा : सरासरी ४६ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. जेथे चढ सर्वांत तीव्र आहे तेथे हे प्रमाण ३७ ला १ आहे. तुमच्या घराच्या जिन्याशी तुलना केली तर हा चढ म्हणजे जवळजवळ सपाटीच. मग रेल्वेला तो इतका जड का जातो?

कारण पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने टेकलेले असते. सपाटीवर हाच रेल्वेचा मोठा फायदा, चढावर हीच तिची अडचण. १००० टनांची गाडी ३७ ला १ चढावर उभी केली, तर गुरुत्वाकर्षण तिला १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन इतक्या बलाने मागे ओढत असते. इंजिनाचे वजन १२० टन धरा. रूळ कोरडा असेल तर घर्षणांक सुमारे ०.२५, तेव्हा चाक न घसरता इंजिन फार तर ३० टन बल लावू शकेल. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या रुळावर घर्षणांक ०.१२ वर येतो आणि तेच इंजिन १४ टनांवर अडते. मोटर कितीही ताकदवान असो, चाक जागच्या जागी फिरत राहील. शिवाय इंजिनांना स्वतःचे वजनही वर न्यायचे असते. म्हणून घर्षण वाढवायला रुळावर वाळू टाकतात आणि भार वाटून घ्यायला जादा इंजिने लावतात.

ती मागे लावण्याचे कारण सोपे आहे. सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या डब्याच्या जोडावर संपूर्ण गाडीचा ताण येईल. मागून ढकलल्यास ताण निम्म्याहून कमी होतो, आणि एखादा जोड तुटलाच तर सुटलेले डबे उताराने कर्जतकडे धावत सुटत नाहीत. मागची इंजिने त्यांना धरून ठेवतात. नव्या बनावटीच्या काही गाड्यांना अनेक डब्यांखाली मोटरी असतात. त्यांच्या बाबतीत गाडीचे बरेचसे वजन घर्षणाच्या कामी येते, म्हणून त्यांना मागच्या मदतीची गरज पडत नाही.

घाटातील रस्त्याची नागमोडी वळणे हेही याच हिशेबाचे रूप आहे. उंची तीच, काम तेवढेच. अंतर वाढवले म्हणून लागणारे बल कमी झाले. उतरंडीचा नियम आठव्या-नववीत शिकलात तो हाच. लोणावळ्याला पोहोचेपर्यंत कान एकदोनदा दडपतात आणि वेफरची पुडी फुगून टम्म होते, ते का, ते शेवटी पाहू.

आता उतरणे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजची सहल भाड्याच्या बसने जुन्या रस्त्याने खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरत होती. मुलांच्या गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या होत्या. मी ड्रायव्हरच्या मागच्याच आसनावर होतो. इंजिनाचा आवाज एकाएकी मंद झाला. पाहतो तर त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती. मी विचारले तेव्हा हसून म्हणाला, "सर, उतारच आहे सगळा. तेवढंच डिझेल वाचतं." भौतिकशास्त्र शिकवणारा मी, आणि तेव्हा गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे. चार-पाच वळणांनंतर काहीतरी करपल्याचा वास आला. मग ब्रेकवरचा त्याचा पाय पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागलेला दिसला. माणूस अनुभवी होता. त्याने वेग वाढण्याआधीच खटपट करून गाडी खालच्या गिअरमध्ये घातली आणि डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून थांबवली. क्लीनरने उडी मारून चाकाखाली दगड लावला. चाकांतून धूर निघत होता. भेंड्या थांबल्या होत्या. तासाभराने आम्ही पुन्हा निघालो, ते दुसऱ्या गिअरात, मुंगीच्या पावलाने.

त्या चाकांत काय चालले होते याचा हिशेब मी त्या रात्री मांडला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतचा उतार सुमारे ५०० मीटर धरू. माणसांसह मोटारीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम. वर असताना तिच्यात खालच्या मानाने जादा असलेली स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची :

१२०० × ९.८ × ५०० = ५८,८०,००० जूल.

गाडी वर ज्या वेगाने निघाली त्याच वेगाने खाली पोहोचली, तर ही ऊर्जा गतिज ऊर्जेत गेली नाही. मग गेली कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तर आपण घोकलेले असते. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरच्या मळणीत गेली. उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन राहिली. तेवढ्या उष्णतेने खोलीच्या तापमानाचे सुमारे १९ लिटर पाणी उकळायला लागेल. १२ टनांच्या बससाठी हा आकडा दसपट होतो, जवळजवळ १९० लिटर, म्हणजे एक मोठे पिंपभर पाणी!

आता पाण्याऐवजी लोखंड घ्या. मोटारीच्या चारही चाकांतल्या ब्रेकच्या तबकड्या व डबे मिळून २० किलोग्रॅम लोखंड आहे असे धरू. लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला, अंशाला सुमारे ४५० जूल. सारी उष्णता तेथेच कोंडून राहिली तर तापमानात वाढ होईल :

५८,८०,००० ÷ (२० × ४५०) = सुमारे ६५० अंश सेल्सिअस.

एवढे तापलेले लोखंड अंधारात लालसर दिसते. प्रत्यक्षात वारा लागून बरीच उष्णता निघून जाते, म्हणून रोज हजारो गाड्या सुखरूप उतरतात. पण 'किती उष्णता' इतकाच 'किती वेळात' हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. उतरायला २० मिनिटे घेतली तर ५८,८०,००० जूल भागिले १२०० सेकंद, म्हणजे ४९०० वॅट. जणू मोटारीच्या चाकांवर मिळून एक किलोवॅटच्या पाच विजेच्या शेगड्या सतत पेटलेल्या आहेत. आमच्या बसच्या चाकांवर एकोणपन्नास! तोच उतार दहा मिनिटांत उतरलात तर शेगड्या दुप्पट होतात आणि थंड व्हायला वेळ निम्माच मिळतो. घाटात सावकाश चालवा असे फलक सांगतात त्यामागे वळणांइतकेच हेही कारण आहे.

ब्रेक तापल्याने बिघडते काय? लहान गाड्यांत पायाचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकापर्यंत जातो. पास्कलचा नियम. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच ही युक्ती चालते. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे असताना ते २०० अंशांच्या वर उकळत असले, तरी ओलसर झाल्यावर १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दाबली जाते! ड्रायव्हर पाय दाबतो, बुडबुडे आक्रसतात, चाकाला काही कळतच नाही. बसमध्ये आणि ट्रकमध्ये हवेचे ब्रेक असतात, तेथे हे दुखणे नाही; पण दुसरे आहे. तापलेला डबा प्रसरण पावून ब्रेकच्या अस्तरापासून दूर जातो आणि अतितप्त अस्तराचा घर्षणांकही घटतो. दोन्हींचा परिणाम एकच, पाय खोल जातो आणि गाडी थांबत नाही.

उपाय जुना आहे. घाटातल्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला तो एका वाक्यात सांगितला होता : "ज्या गिअरात चढवली त्याच गिअरात उतरवायची." गाडी गिअरमध्ये असते तेव्हा चाके इंजिनाला फिरवतात. सिलिंडरमधली हवा ओढणे, दाबणे, सगळ्या दट्ट्यांचे घर्षण, हे सारे काम चाकांना करावे लागते आणि गाडीची ऊर्जा तिकडे खर्च होते. ही उष्णता रेडिएटरमधून व धुराड्यातून बाहेर पडते. उष्णता बाहेर टाकण्यासाठीच तर ते बनवलेले असतात. खालच्या गिअरात चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे जास्त होतात, म्हणून रोध जास्त. न्यूट्रल केले की हा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. आणि डिझेल वाचण्याचे म्हणाल, तर आजच्या बहुतेक गाड्यांत उतारावर गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे इंधन जाळावेच लागते. बचत उलटीच झाली! इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला व सुकाणूला इंजिनाकडून मिळणारी मदतही जाते.

तुम्हांपैकी बहुतेकांना अजून गाडी चालवायची नाही. पण तुमच्याजवळ नाक आहे, कान आहेत. उतारावर इंजिनाचा आवाज एकदम मंदावला तर विचारा. करपल्याचा वास आला तर थांबायला सांगा. मी गप्प बसलो तसे बसू नका. आणि थांबल्यावर तापलेल्या चाकावर कोणी पाणी ओतू लागले तर अडवा. तांबडा झालेला तवा पाण्याखाली धरल्यावर तडकतो, तसाच ब्रेकचा डबाही तडकू शकतो.

रेल्वेने ही काळजी फार पूर्वीच घेतलेली आहे. घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मुद्दाम थांबवतात. त्या तेथे थांबल्या याचाच अर्थ ब्रेक शाबूत आहेत. न थांबणाऱ्या गाडीसाठी मुख्य रुळाला फुटून चढावर जाणारा एक आंधळा फाटा ठेवलेला असतो. गाडी त्याच्यावर चढते, तिची गतिज ऊर्जा पुन्हा स्थितिज ऊर्जा होते आणि ती थांबते. विद्युत इंजिने तर याहून पुढे गेली आहेत. उतरताना त्यांच्या मोटरी जनित्राप्रमाणे चालवून वीज परत तारेत पाठवता येते. उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला हात द्यावा, तसेच हे.

याच घाटात आणखी एक वस्तू दररोज उतरते, पण ब्रेक न लावता. ती म्हणजे पाणी. वळवण, लोणावळा आणि शिरवटा तलावांचे पाणी खंडाळ्याला आणून मोठ्या नळांतून सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीला सोडतात. टाटांचे हे वीजकेंद्र १९१५ सालापासून चालू आहे. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, म्हणजे लहान मोटारीएवढे. त्याची ऊर्जा ५१ लाख जुलांहून थोडी अधिक. तिचे सुमारे १.४ युनिट होतात, आणि गळती वजा जाता सव्वा युनिटाच्या आसपास वीज हाती लागते. मोटार तीच ऊर्जा धुरात आणि करपल्या वासात घालवते. घाटातून जाताना ते नळ उजवी-डावीकडे दिसले तर बघून घ्या.

ओल्या रस्त्याबद्दल एकच हिशेब देतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सपाट, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते (घर्षणांक ०.७). ओल्या रस्त्यावर (०.४) आणि १५ ला १ उतारावर तिला ४३ मीटर लागतात. वेग निम्मा केला तर मात्र ११ मीटरच, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धुक्यात पुढचे २० मीटरच दिसत असतील तर वेग किती ठेवावा, ते आता तुम्हीच ठरवू शकाल.

लोहगडाकडे वळू. मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावावरून, गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला आणि तेथून गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून आपण माथ्यावर येतो. उंची सुमारे १०३० मीटर. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत लोहगड आहे. शेजारचा विसापूर त्याहून थोडा उंच, पण त्या यादीत नाही.

पायथ्यापासून चढ ४३० मीटर धरा. ५० किलोग्रॅमच्या मुलाने केलेले काम २,१०,७०० जूल, म्हणजे अवघी ५० किलोकॅलरी. दीड तासात चढला तर शक्ती ३९ वॅट. आपण एका चाळीस वॅटच्या दिव्याइतके! पण स्नायूंची कार्यक्षमता विसेक टक्केच असते, म्हणून शरीराला २५० किलोकॅलरी जाळाव्या लागतात. लोणावळ्याच्या चिक्कीचा ५० ग्रॅमचा तुकडा तेवढे देतो. उरलेल्या २०० किलोकॅलरींची उष्णता होते आणि ती घालवायला सुमारे ३५० ग्रॅम घाम वाळावा लागतो. वाळावा, गळावा नव्हे. पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असते, वरून प्लॅस्टिकचा रेनकोट. घाम वाळतच नाही आणि थंडगार पावसातही मुले घामाघूम होऊन बसतात. पाणी सोबत हवेच, पावसाळ्यातसुद्धा.

लोणावळ्याला वर्षात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याला सातशे-साडेसातशे. हे पाणी ओढ्यांतून कसे येते याचा अंदाज शहरातल्या माणसाला नसतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी गुडघाभर तर आहे, असे आपण म्हणतो. गुडघाभर पाण्यात पायांचा प्रवाहासमोर येणारा भाग सुमारे ०.१ चौरस मीटर असतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर त्यावर सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, २० किलोग्रॅम. तिप्पट झाला की नऊपट, ४५ च्या वर. शेवाळलेल्या खडकावर घर्षणांक ०.२ धरला तर ५० किलोग्रॅमच्या मुलाचे पाय फार तर १० किलोग्रॅम जोर सोसतील. म्हणजे सेकंदाला दीड मीटर, भराभर चालण्याचा वेग, एवढा प्रवाह पुरे आहे. आणि वर डोंगरात पाऊस कोसळला तर पाणी काही मिनिटांत चढते, तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी.

आता वेफरच्या पुडीकडे येऊ. समुद्रसपाटीला वायुभार ७६० मिलिमीटर असतो, लोणावळ्याला सुमारे ७०६ आणि लोहगडावर ६७२. मुंबईत बंद केलेल्या पुडीतली हवा ७६० चीच राहते, म्हणून ती लोणावळ्यात फुगते. पुडीच्या तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटर भागावर आतून सुमारे ७ किलोग्रॅमचा जादा जोर येतो. कानाच्या पडद्याचेही तेच. पाणी मात्र लवकर उकळते : लोणावळ्याला ९८ अंशांना, लोहगडावर साडेशहाण्णव अंशांच्या जवळपास.

यावरून गडाची उंची तुम्हाला स्वतः मोजता येईल. एक लिटरची काचेची, घट्ट बुचाची बाटली न्या. गडाच्या माथ्यावर ती उघडी करून, आत पाणी नाही हे पाहून, सावलीत दहा मिनिटे ठेवा आणि बूच घट्ट लावा. तापमान टिपून ठेवा. घरी आल्यावर बादलीतील पाण्यात बाटली उलटी बुडवा, बूच पाण्याखालीच काढा. थोडे पाणी आत शिरेल. बाटली वर-खाली करून आतील व बाहेरील पाण्याची पातळी एक करा, मग बूच लावून बाहेर काढा आणि आत शिरलेले पाणी मोजा. दर घनसेंटिमीटरला सुमारे ९ मीटर उंची. मुंबईत राहणाऱ्यांना ११५ घनसेंटिमीटरच्या आसपास पाणी मिळाले पाहिजे, पुण्यात राहणाऱ्यांना निम्म्याहून थोडे कमी, कारण पुणे स्वतःच ५६० मीटरांवर आहे. घरी व गडावर तापमानात फरक असेल तर दर ३ अंशांमागे सुमारे १० घनसेंटिमीटरची दुरुस्ती करावी लागेल. ती अधिक करायची की वजा, ते चार्ल्सच्या नियमावरून काढा. काच फुटू नये म्हणून बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवा, आणि उतरताना बस न्यूट्रलमध्ये नाही ना, तेवढे बघा.